राणीचा साबण

माझ्या आईच्या पदराची गाठ माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पाहुण्या बायकांसमोर सोडायला लावली. गाठीत साबणाचा एक तुकडा निघाला, झिजून पापुद्र्यासारखा झालेला. त्या तुकड्याचा सूड मी घेतला. सावकाश घेतला, नीट घेतला, आणि तो कसा घेतला हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

आमचं घर बऱ्हाणपुरात, बुधवारा पेठेत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात सासरे, थोरले दीर, जाऊबाई, माझे यजमान आणि मी. सासरे शाळेतून निवृत्त झालेले, दीर कचेरीत कारकून, आणि यजमान बाजारात कापडाच्या दुकानावर. मी डोईफोडिया गावाकडची. वडिलांची कपाशी आणि थोडी केळी, शेताला लागून जंगल. जाऊबाई इंदूरच्या. त्यांच्या माहेरचं कुणीतरी एकेकाळी दरबारात होतं. तिथे ते नेमकं काय करत, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती.

दिवस स्वातंत्र्यानंतरचे. संस्थानं एकामागून एक विलीन होत होती. सासरे ओसरीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि प्रत्येक संस्थानाच्या नावाला जाऊबाई आतून सुस्कारा टाकत. रॉकेल, साखर, कापड, सगळं रेशनवर. दुकानापुढे रांग लावायचं काम माझं. आणलेलं उधळायचं काम त्यांचं.

उधळायचं म्हणते ते उगाच नाही. अंघोळीचा वासाचा साबण त्या तांब्याशेजारी ओल्या दगडावर ठेवत. दगडावर पाणी साचलेलं असे, त्यात साबण रात्रंदिवस भिजत पडे आणि खालून त्याचा चिखल होई. वडी हाताला पातळ लागायला लागली की ती मोरीत भिरकावायची आणि नवी फोडायची. तेलाची बाटली तळाशी चिकटलेल्या तेलासकट बाहेर जाई. कंदिलाची वात मोठी ठेवत, काच काळी होई, आणि ती काळी झाली म्हणून मलाच बोलणी बसत.

मी वेगळ्या घरात वाढले होते. आमच्याकडे साबण आणला की आई त्याची वडी दोऱ्याने कापून दोन करायची, पेटीत कपड्यांमध्ये ठेवून चांगली वाळवायची आणि मगच वापरायला काढायची. वाळलेला साबण कमी झिजतो. दोडका वेलावरच वाळू द्यायचा आणि आतली जाळी काढून साबण तिच्यावर ठेवायचा, म्हणजे खाली पाणी साचत नाही. उरलेले तुकडे जुन्या मलमलीच्या थैलीत जात आणि थैली भरली की तिनेच अंग घासायचं. तेलाची बाटली उन्हात तापवून वाटीवर उपडी ठेवायची. काड्यापेटीची काडी पात्याने उभी चिरून दोन करायची. भाताची पेज सुती लुगड्याच्या खळीला. कपड्यांना तर साबण लागायचाच नाही. केळीचा खुंट वाळवून जाळला की पांढरी राख पडते, ती पाण्यात कालवून वरचं निवळलेलं पाणी काढून घ्यायचं. त्या पाण्यात धोतर ठेवलं की मळ आपसूक सुटतो.

हे सगळं आईने हातात हात धरून शिकवलं नव्हतं. ती करायची आणि मी बघायची. सासरी आल्यावर मी तसंच करायला गेले, तेव्हा जाऊबाईंनी माझं नाव पाडलं, राखवाली. दारात कुणी आलं की त्या हाक मारत, "राखवाले, पाणी आण गं." दीर हसत. यजमान खाली मान घालून जेवत.

तेही मी सोसलं असतं.

लग्नानंतरच्या दुसऱ्या चैत्रात आई मला भेटायला आली. बैलगाडीने आली. बरोबर रिठे, तुरीची डाळ आणि आमच्याच वाडीतली केळी. त्या दिवशी नेमकं जाऊबाईंचं हळदीकुंकू होतं. मामलेदारांच्या बाई, शाळेच्या हेडमास्तरांच्या बाई, शेजारच्या वकिलीणबाई, सगळ्या पुढच्या खोलीत बसल्या होत्या. आई प्रवासाच्या धुळीने माखलेली. ती मागच्या दाराने आली, मोरीवर हातपाय धुतले आणि माझ्याजवळ स्वयंपाकघरात बसली.

थोड्या वेळाने जाऊबाई मोरीवर गेल्या, परत आल्या आणि आईसमोर उभ्या राहिल्या.

"इथे साबण होता. कुठे गेला?"

आईला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, "कोणता, बाई?"

"मोरीतला. अंघोळीचा."

"तो व्हय," आई म्हणाली. "तो नालीत पडेल होता. मले वाटलं, टाकलेला हाय. मी धुतला अन् बांधून घेतला. घरी थैलीत घालीन म्हटलं."

"बघू," जाऊबाई म्हणाल्या. पुढच्या खोलीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. "बघू पदर. सोडा ती गाठ."

आईने गाठ सोडली. तिची बोटं कापूस वेचून चिरलेली होती. तुकडा तिच्या तळहातावर होता, गुलाबी. जाऊबाईंनी तो घेतला नाही. बायकांकडे वळून त्या म्हणाल्या, "मागितला असता तर अख्खी वडी दिली असती. पण मागायची सवय नको का? यांना तर उचलायची सवय."

एक बाई हसली. मग दुसरी. मामलेदारीणबाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. मी म्हणाले, "टाकलेलाच होता तो, वहिनी. तुम्हीच टाकला होता."

"घरातली वस्तू टाकली तरी घरातलीच असते," जाऊबाई म्हणाल्या. "तू मध्ये बोलू नकोस."

आईने तो तुकडा मोरीच्या कडेला ठेवला, पदर झटकला आणि उठली. पाणीसुद्धा न पिता ती गाडीत जाऊन बसली. गाडीवानाने बैल नुकतेच सोडले होते, ते त्याला पुन्हा जुंपावे लागले. मी दारापर्यंत गेले. आई म्हणाली, "तू रडू नको. घरात जाय." मी रडले नाही. आत आले, तो तुकडा उचलला, पुसला आणि माझ्या पेटीत ठेवला.

त्या दिवसापासून जाऊबाईंनी मोरीत टाकलेला एकही तुकडा मी नालीत जाऊ दिला नाही. रोज मोरी धुणं माझ्याकडेच होतं. गुलाबी, पांढरा, फिकट हिरवा, जो मिळेल तो धुऊन माळ्यावर सुपात वाळवत ठेवायचा. त्यांचे केस अडकलेले असत, ते सुईने काढायचे. हे करताना काय करायचं ते मला अजून सुचलेलं नव्हतं. पण रोज एक तुकडा वाढला की मला बरं वाटायचं.

सुचवलं ते मण्यारणीने. ती बांगड्यांची टोपली घेऊन गल्लीत येई. जाऊबाई तिला ओसरीची पायरी चढू देत नसत. तिला उन्हात बसवून साऱ्या टोपलीतल्या बांगड्या हातात घालून बघायच्या आणि शेवटी "पुढच्या वेळी" म्हणून उठायचं. एका दुपारी ती अशीच रिकाम्या हाताने उठली. मी मागच्या दाराने तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "भाभी, आजकल इंदौर की तरफ राजवाड्यांचं सामान बिकत आहे. रानीसाहेबांचे आरसे, अत्तरदाण्या. तुमच्या जेठानीला तसलं काही दाखवलं तर डोळे मिटून घेईल. पण मी गरीब, माझ्याकडे कुठून येणार?"

मी मोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "राणीचा साबण आणून देऊ?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे मोरीकडे, आणि हळूच हसली. जास्त सांगावं लागलं नाही.

दुपारी जाऊबाई झोपत आणि सासरे वाचनालयात जात. तेवढा वेळ माझा. सुपातले तुकडे मी विळीवर बारीक चिरले, पितळी पातेल्यात घालून त्यात पाण्याचा नुसता हबका दिला आणि मंद निखाऱ्यावर ठेवलं. ढवळायचं ते अगदी सावकाश, नाहीतर फेस होतो आणि वडी पोकळ बसते. पहिला घाणा मी करपवला. दुसऱ्याला पाणी जास्त झालं आणि वडी सुकेचना. तो मी भांड्यांना वापरला, वाया घालवला नाही. तिसरा जमला. त्यात उपड्या बाटल्यांमधून निथळलेलं खोबरेल घातलं, वाळलेल्या संत्र्याच्या सालींची वस्त्रगाळ पूड घातली आणि वाळ्याचं थोडं अत्तर. अत्तरही जाऊबाईंच्या फेकलेल्या कुप्यांमधलंच, कुप्या कोमट तेलाने विसळून काढलेलं. ओतायला साचा म्हणून केळीच्या खुंटाचं सोपट, म्हणजे वरचा जाड पापुद्रा, घेतलं. ते पन्हळीसारखं असतं, आतून गुळगुळीत आणि गार. सुटून आलेली वडी लांबट, किंचित बाकदार होई आणि तिच्यावर सोपटाच्या शिरा बारीक रेघांसारख्या उमटत. गुलाबी आणि पांढरं मिसळून संगमरवरासारखं दिसे. बाजारात असा साबण कुणी पाहिला नव्हता.

वेष्टन यजमानांनी नकळत पुरवलं. कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेली सोनेरी काठाची रंगीत चित्रं ते कधीमधी घरी आणत. एकावर मोत्यांची नथ घातलेली राणी होती. तशी आणखी हवीत म्हटल्यावर "काय करतेस ह्यांचं?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "देव्हाऱ्यामागची भिंत सजवते." पातळ पिवळ्या कागदात वडी गुंडाळून वर राणी चिकटवली.

मण्यारणीने आपलं काम चोख केलं. तिने साबण विकायला काढलाच नाही. टोपलीच्या तळाशी, फडक्यात, अर्धवट दिसेल असा ठेवला. जाऊबाईंनी विचारलं तर पटकन झाकला.

"वो तुमच्यासाठी नाही, बाईसाहेब. किल्ल्याकडच्या शेठाणीने सांगून ठेवलंय."

"दाखव तर."

"राजवाड्यातला आहे. रानीसाहेबांच्या हमामातला. आता राज गेलं, नोकर लोक एकेक चीज विकू लागलेत. पुन्हा मिळायचा नाही."

मी दाराआड डाळ निवडत होते. जाऊबाईंनी वडी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. "हाच," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीच्या घरी हाच वास यायचा. तू शेठाणीला सांग, मिळाला नाही म्हणून." आणि त्या बाईला पहिल्यांदाच ओसरीवर बसायला सांगितलं. किंमत काय मिळाली ते मण्यारणीचं, मी त्यातलं काही घेतलं नाही. मला हवं होतं ते मला डाळ निवडता निवडता मिळालं होतं.

मग तो साबण नियमाने येऊ लागला. जाऊबाई आता साबण ओल्या दगडावर ठेवत नसत, चांदीच्या ताटलीत कोरडा ठेवत. पातळ झाला तरी टाकत नसत. माझा कच्चा मालच कमी झाला, तेव्हा मी शेजारच्या घरांच्या मोऱ्यांकडे वळले. धुणं-भांडी करणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं, त्या तुकडे आणून देत. मामलेदारीणबाईंच्या मोरीतले, वकिलीणबाईंच्या मोरीतले, हेडमास्तरीणबाईंच्या मोरीतले. ते मिळाले त्या दिवशी मी घाणा करताना गुणगुणत होते.

जाऊबाईंनी एक वडी माहेरी पाठवली, एक मामलेदारीणबाईंना भेट दिली. बोलण्यात त्यांचं नातं दरबारापासून सरकत सरकत थेट राणीपर्यंत गेलं. "आमच्याकडे हाच असायचा," त्या सांगत. सांगून सांगून त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

घाई करावीशी मला अनेकदा वाटलं. पण मला तेच हळदीकुंकू हवं होतं आणि त्याच बायका हव्या होत्या. मी चैत्राची वाट पाहिली.

चैत्र आला. गौर मांडली, कैरीची डाळ केली, पन्हं केलं. जाऊबाईंनी मुद्दाम पुढच्या खोलीतच तांब्याचं घंगाळ ठेवलं, शेजारी चांदीची ताटली आणि तीत राणीचा साबण. आल्या बाईने हात धुवायचे आणि मग हळदीकुंकू. बायका हात हुंगत होत्या. वकिलीणबाईंनी तर तोंडालाही लावला.

मामलेदारीणबाई म्हणाल्या, "बनतो तरी कसा हो हा? अशा रेघा कशाच्या असतील?"

जाऊबाई म्हणाल्या, "राजवाड्यातली गुपितं असतात ती. बाहेर कळायची नाहीत."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "आणू का दाखवायला?"

उत्तराची वाट न बघता मी माळ्यावरून सूप आणलं आणि त्यांच्या मधोमध ठेवलं. त्यात रंगीबेरंगी तुकड्यांचा ढीग, केळीचं सोपट, त्यात नुकतीच बसलेली वडी, आणि राणीची न चिकटवलेली चित्रं. मी आवाज चढवला नाही. पाककृती सांगावी तसं सांगितलं. हे गुलाबी आमच्या मोरीतले, वहिनींच्या अंगाचे. हे हिरवे वकिलीणबाईंच्या मोरीतले. हे पांढरे तुमचे, मामलेदारीणबाई. केस काढून धुऊन घेतलेत सगळे, काळजी नसावी.

वकिलीणबाईंचा हात गालावरच राहिला. कुणीतरी पन्ह्याचा पेला खाली ठेवला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"माझ्या आईने यातलाच एक नालीतून उचलला होता," मी म्हणाले. "तेव्हा तुम्ही हसलात. तुमच्यातल्या प्रत्येकीने आज त्याच नालीतल्या साबणाने हात धुतलेत, आणि चांदीच्या ताटलीतून उचलून. आता हसा."

कुणी हसलं नाही. जाऊबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. त्या म्हणाल्या, "खोटं बोलतेय ही." मी सोपटातली वडी सोडवून ताटलीतल्या वडीशेजारी ठेवली. रेघेला रेघ जुळली. बायका एकेक करून उठल्या. ओटी न घेता गेल्या. मामलेदारीणबाई जाताना जाऊबाईंना म्हणाल्या, "आमच्या घरी दिलेली वडी परत पाठवते हो." ते वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात घोळवलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना समोर बसवलं. दीर म्हणाले, हिला माहेरी धाडा. यजमान खाली मान घालून बसले होते. सासऱ्यांनी मला विचारलं, "तुला काय म्हणायचंय?" मी म्हणाले, "माझ्या आईची गाठ सोडली तेव्हा तुम्ही ओसरीवर होता. तेव्हा कुणाला काही विचारलं नाहीत." त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "चुली वेगळ्या करा." त्यापलीकडे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. पण त्यांचं ताट माझ्या चुलीवरून जायला लागलं.

आईला सांगायला मी डोईफोडियाला गेले. वाटभर वाक्यं जुळवत गेले होते. तिने सगळं ऐकलं, कपाशीची बोंडं सोलता सोलता. मला वाटलं, हसेल, निदान डोळे तरी पुसेल. ती म्हणाली, "एवढं खोबरेल घातलं तू त्यांच्या साबणात?" आणि थोड्या वेळाने, "मी विसरले होते ते, माय. तू कशाले एवढे दिवस उरात धरलं?" ती विसरली नव्हती. कारण पुढच्या हिवाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली, माझ्या वेगळ्या चुलीशी जेवली, पण मोरीवर गेली की साबणाला हात लावत नसे. पदरात बांधून आणलेली राख काढायची. मी म्हणाले, "आई, हा माझा साबण आहे, माझ्या घरातला." ती म्हणाली, "ठेव, तुले होईन." तेव्हा मला जाऊबाईंचा पुन्हा राग आला, पहिल्यापेक्षाही जास्त. वाटलं, मी थोडक्यात सोडलं.

मग आणखी काही वर्षांनी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मराठी मुलखाबरोबर गेलं, आम्ही हिंदी मुलखात राहिलो, आणि आमच्या नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. थोरल्या दिरांची बदली तिकडे झाली. बऱ्हाणपुरातल्या मराठी घरांत तेव्हा रोज हीच चर्चा होती, आता कचेरीत हिंदी चालणार, मुलांच्या शाळेचं काय. आमच्या घरात मात्र सामान बांधायचा आवाज होता.

निघायच्या सकाळी दारात टांगा उभा राहिला. दीर पुढे बसले. जाऊबाई मागे. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नव्हत्या. केस बरेच पिकले होते. टांगेवाल्याने लगाम हातात घेतला तेव्हा त्यांनी मान वळवली.

"धाकटे," त्या म्हणाल्या. राखवाली नाही म्हणाल्या. "तुझी आई बरी आहे ना?"

आई तेव्हा आत, माझ्या खोलीत, खिडकीशी बसून तूर निवडत होती. ती आदल्या रात्री उशिरा मागच्या दाराने आली होती, त्यांना ते माहीत नव्हतं. हाक मारली असती तर बाहेर आली असती. कदाचित दोघींमध्ये चार शब्द झालेही असते. जाऊबाई थांबल्या होत्या, टांगेवालाही थांबला होता.

मी आईला हाक मारली नाही. त्यांच्याकडे बघत उभी राहिले, त्यांनीच नजर खाली वळवेपर्यंत. टांगा गल्लीच्या तोंडाशी वळला. मी दार लावून घेतलं, झाडू उचलला आणि त्यांची रिकामी झालेली खोली झाडायला घेतली.